दारं मोड

दत्ता गेला तो सोमवार होता. सकाळी तो रानात गेला, मोटर सुरू केली आणि बांधावर बसला. वहिनी — दत्ताची बायको — भाकरी घेऊन गेल्या तेव्हा तो बसलेलाच होता. पाणी वाफ्याबाहेर पडून वाटेवर आलं होतं. वहिनींनी आधी मोटर बंद केली, मग त्याला हाक मारली.

मला धाराशिवला फोन आला. मी वाचत होतो. पुस्तक मिटलं, गाडी काढली, बेंबळीला गेलो. दुपारी माती झाली. परत येऊन मी जेवलो.

जेवलो, हे मुद्दाम लिहितो आहे. आपलं माणूस गेलं की काहीतरी व्हावं असं आपण धरून चालतो. आवंढा यावा, हात थरथरावेत. मला काही झालं नाही. तेव्हापासून मी वाट पाहतो आहे आणि अजून काही झालेलं नाही. एवढंच लक्षात आलं, की जे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही — बायकोला नाही, आईला नाही, सैन्यातल्या कुणाला नाही — ते ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो गेला. आता मी गप्प बसलो तर ते घडलंच नव्हतं असं होईल. तसं व्हावं असं मला वाटतं का? पुष्कळ वर्षं वाटत होतं.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतं. जमेल का, बघू.

मी शिडाच्या होड्यांच्या शर्यती करायचो. परदेशात, देशाच्या नावानं. हे सांगितलं की आमच्याकडची माणसं अजूनही आधी हसतात. मी भूम तालुक्यातल्या ईटचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत रांगेत घागरी लावायच्या, हा आमचा पाण्याशी संबंध. दत्ता बेंबळीचा. त्यांच्या रानात विहीर होती आणि ती बऱ्यापैकी टिकायची, म्हणून तो स्वतःला बागायतदार म्हणवून घ्यायचा.

आम्ही भेटलो तेव्हाच्या उस्मानाबादला, एका मैदानावर. सैन्याच्या क्रीडा तुकडीसाठी पोरं निवडत होते. आम्ही पळायला आलो होतो. एका उस्तादांनी — शिकवणाऱ्या हवालदाराला तिथं उस्ताद म्हणतात — रांगेपुढून चालत विचारलं, तैरना किसको आता है? बहुतेक पोरांनी खाली बघितलं. दत्तानं हात वर केला. विहिरीत येतंय म्हणाला. उस्ताद म्हणाले, और समंदर में? दत्तानं जरा विचार केला आणि विचारलं, "उसको पायऱ्या है क्या, साब?"

उस्तादांना पायऱ्या म्हणजे काय ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी हसलो. दत्तानं वळून माझ्याकडे बघितलं. तू कुठला रे? म्हणाला. ईट. मग हसतूस का, तुमच्याकडं तर विहीर बी न्हाय. अशी आमची ओळख झाली. दोघांचीही निवड झाली. आम्ही अजून मिसरूड न फुटलेले होतो.

पुढची काही वर्षं आम्ही एकाच खोलीत, शेजारच्या खाटांवर काढली. नाव एकट्यानं चालवायची असते. एक शीड, एक सुकाणू, आणि तोल सांभाळायला स्वतःचं अंग. वारा जिकडून येतो तिकडं सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरकं जायचं. या वळण्याला टॅक म्हणतात. शर्यतीत नावा जवळजवळ असतात, म्हणून कुणी कधी वळायचं, कुणी कुणाला जागा द्यायची, याचे नियम असतात. ते सगळे इंग्रजीत.

पाण्यावर दत्ता माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आता, तो गेल्यावर, मोठेपणानं म्हणत नाही. तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. मी कागदावर चांगला होतो. मला वाचायचा नाद होता. कँटीनमागच्या खोलीत जुन्या पुस्तकांचं एक कपाट होतं, ते मी वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. काही कळलं, काही नाही. पण त्यातून इंग्रजी आलं. पोरं मला पंडित म्हणायची. दत्ता दारातूनच विचारायचा, "काय वाचायलास रे पंडित? शेवटी मरतंय का कोण त्यात?"

नियमांचं पुस्तक त्याला मी शिकवलं. जेट्टीवर बसून, चपला नावांसारख्या मांडून. बाकीचे नियम त्यानं भराभर घेतले. एकच नियम त्याला अडायचा.

तो नियम असा. दोन नावा शेजारी-शेजारी एकाच दिशेनं तिरक्या चालल्या आहेत. वारा येतो ती वरची बाजू. खालच्या बाजूच्या नावेसमोर काहीतरी आडवं आलं — धक्का, खडक, नांगरलेली बोट. तिला वळायचं आहे, पण वरच्या बाजूला दुसरी नाव आहे, तिच्यावर आदळल्याशिवाय वळता येत नाही. अशा वेळी खालच्यानं ओरडून जागा मागायची. आणि मागितली की वरच्यानं दिलीच पाहिजे. स्वतः वळायचं, नाहीतर 'तू वळ' म्हणून त्याला वाट द्यायची. नको असली तरी. त्यात त्याचं नुकसान होत असलं तरी.

इंग्रजीत ओरडायचं, 'रूम टु टॅक'. दत्ताच्या तोंडून ते घाईत 'रुमाल टाक' असं यायचं. सगळी जेट्टी हसायची. तोही हसायचा, पण मग नियमच डोक्यातून निसटायचा. कुणी ओरडायचं आणि कुणी वळायचं यात त्याचा गोंधळ व्हायचा.

तेव्हा मी त्याला सांगितलं — माझे शब्द मला आठवतात — "आरं, हे दारं मोडल्यावानी हाय."

तुम्ही शेतकरी घरातले नसाल तर हे सांगायला हवं. पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडलेलं असतं. वाफा भरला की खोऱ्यानं मातीचं तोंड उघडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. त्या तोंडाला दारं म्हणतात, आणि पाणी वळवण्याला दारं मोडणं. वाफ्याच्या शेवटाला जो उभा असतो त्यालाच दिसतं की पाणी पोचलं. तो तिथून ओरडतो, दारं मोड. वर खोरं घेऊन उभा असलेला उत्तर देतो, मोडलं. त्यात विचारायचं, वाद घालायचं काही नसतं. खालच्याला दिसतंय आणि वरच्याच्या हातात आहे, म्हणून वरच्यानं मोडायचं. आमच्याकडं हे पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं.

दत्तानं एक चप्पल उचलली, दुसरीशेजारी ठेवली, आणि म्हणाला, असं व्हय. मग सांगायचं की आधी. त्यानंतर तो नियम तो कधी चुकला नाही. दुसऱ्या कुणाशी गाठ पडली की तो 'रूम, रूम' असं ओरडायचा, तेवढं त्याला यायचं. पण सरावात वरच्या बाजूला मी असलो की 'दारं मोड!' आणि मी 'मोडलं!' म्हणून वळायचो. उस्ताद चिडायचे. अंग्रेजी में बोलो, म्हणायचे. पण आम्हाला मजा वाटायची. खारट पाण्यावर, जिथं कुठंही माती नाही तिथं, आम्ही रान भिजवल्यासारखे ओरडत फिरायचो.

म्हणजे हा शब्द मी त्याला दिला. पुढचं सांगताना हे लक्षात असू द्या.

मी सावकाश लिहितो आहे. तुमच्या लक्षात आलं असेल की मी अजून तिथं पोचलेलो नाही. आज सकाळी मी दोनदा उठलो. एकदा चहा केला, एकदा काहीच केलं नाही, नुसता दारात उभा राहिलो. सांगायला इतका वेळ का लागावा? ते घडायला फार थोडा वेळ लागला होता.

परदेशातल्या मोठ्या शर्यतीसाठी आमच्या प्रकारात एकच जागा होती. निवडीच्या शर्यती मुंबईच्या बंदरात झाल्या. शेवटच्या शर्यतीपर्यंत बाकी सगळे मागे पडले आणि आम्ही दोघं उरलो. त्या शर्यतीत आमच्यातला जो पुढं, तो जाणार. एवढं सोपं झालं होतं.

दत्ताला एकदाच जायचं होतं. तो आदल्या दिवशी म्हणाला, "एक डाव जाऊन येतो पंड्या, मग पुढचं सगळं तुझं. मी आन् रान." मला मात्र सगळं हवं होतं. पहिलं, दुसरं, पुढचं. मी ते त्याला म्हणालो नाही. मी म्हणालो, बघू की.

शेवटच्या टप्प्यात आम्ही एकाच दिशेनं तिरके चाललो होतो. तो खालच्या बाजूला, अर्ध्या नावेनं पुढं. मी वरच्या बाजूला. समोर मालाची एक बोट नांगरून पडलेली होती. मला ती चुकवून निघता येत होतं. त्याला येत नव्हतं.

तो ओरडला, "दारं मोड!"

वारा माझ्याकडून त्याच्याकडे होता. म्हणजे त्याचा आवाज वाऱ्याच्या उलट यायचा होता. हे पुढं पंचांनीही विचारात घेतलं, माझ्या बाजूनं. पण आवाज आला. स्पष्ट आला. मी शिडाकडे बघत राहिलो. वळलो असतो तर माझी गती गेली असती आणि तो सुटून पुढं गेला असता, हे मला दिसत होतं. तो पुन्हा ओरडला. या वेळी त्यानं माझं नावही घेतलं — "सुध्या, दारं मोड!" — पंडित नाही, सुध्या. मी शिडाकडे बघत राहिलो.

तुम्ही म्हणाल, शर्यतीच्या भरात होतं असं. तसं मीही स्वतःला पुष्कळदा म्हटलं आहे. पण ते खरं नाही. मी भरात नव्हतो. मी अगदी थंड होतो. आत्ता आहे तसा.

बोट अगदी जवळ आल्यावर तो वळला. त्याला वळावंच लागलं. त्याच्या नावेचं नाक माझ्या नावेच्या बाजूला घासून गेलं. माझ्या तोंडून शब्द आला — इंग्रजीत, शुद्ध — "प्रोटेस्ट!" म्हणजे मी तक्रार केली. तो पुढं गेला आणि माझ्याआधी पोचला. अशी धडक आपल्या चुकीनं झाली तर तिथल्या तिथं दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगायची असते. त्यानं घेतल्या नाहीत. का घेईल? त्यानं जागा मागितली होती. त्याची चूक नव्हती.

किनाऱ्यावर उस्तादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तक्रार ठेवायची आहे का. त्यांच्या आवाजात ठेवू नको असं होतं. त्या वेळी मागं घेता आली असती. कपडे बदलून, पाणी पिऊन, शांतपणे मी म्हणालो, ठेवायची आहे.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती गोष्ट. ही नाही. म्हणजे ही आहे, पण एवढीच असती तर कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितली असती. खेळात माणसं असं करतात. खरी गोष्ट त्या दुपारी खोलीत झाली.

तीन पंच होते. टेबलावर छोट्या लाकडी नावा ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर आम्ही कोण कुठं होतं ते दाखवलं. त्याबद्दल आमच्यात मतभेद नव्हताच. मग मुख्य पंचांनी दत्ताला विचारलं, तू काय ओरडलास? अमुकच शब्द हवेत असं नाही, ते म्हणाले. पण समोरच्याला कळलं पाहिजे की तू जागा मागतो आहेस.

दत्ता म्हणाला, "दारं मोड म्हणलो साहेब."

तिघांतले एक पंच मराठी होते, मुंबईचे. त्यांनी भुवया वर केल्या. दार मोड? म्हणजे दरवाजा तोड? त्यांनी ते बाकीच्या दोघांना इंग्रजीत सांगितलं. खोलीत हसू आलं. दुष्टपणाचं नव्हतं, कुणालाही आलं असतं. समुद्राच्या मधोमध कोण कुणाला दरवाजा तोडायला सांगतो?

दत्ताही थोडा हसला. मग म्हणाला, "तसलं दार न्हाय साहेब. पाण्याचं दारं अस्तंय, रानात." त्यानं हातांनी माती ओढून दाखवली. मराठी पंचांना ते कळलं नाही. त्यांनी मान हलवली, बाकीच्यांकडे बघून खांदे उडवले. तेव्हा दत्तानं माझ्याकडे बोट केलं. चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. उलट जरा सुटल्यासारखा दिसला, की बरं झालं, हा आहे इथं.

"याला ठावं हाय," तो म्हणाला. "याला इचारा."

त्यांनी मला विचारलं. इंग्रजीत, सावकाश, शब्द सुटे करून. तो जागा मागतो आहे हे तुला कळलं का?

मी म्हणालो, "नो, सर."

आणि मी तिथं थांबलो नाही. कुणीही मला आणखी काही विचारलं नव्हतं. तरी मी पुढं म्हणालो — इंग्रजीत, कारण ते दत्ताला नीट कळणार नाही असं मला वाटलं — की हा पाण्यावर असाच असतो सर, गावाकडचं काहीबाही ओरडत असतो, आम्ही लक्ष देत नाही.

पुन्हा हसले. आधीपेक्षा मोकळं. मीही हसलो.

हेच सांगायचं होतं. 'नो सर' एका जागेसाठी होतं. ते वाईट, पण त्याला काही कारण तरी होतं. पुढचं वाक्य कशासाठी होतं? त्यानं मला काही मिळणार नव्हतं. मला वाटतं, त्या खोलीत मी त्याच्या गावाकडचा नाही असं दिसावं, यासाठी. दुसरं कारण मला सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ वर्षं शोधलं आहे.

दत्ता हसला नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण 'गावाकडचं' म्हणजे काय ते चेहऱ्यांवरून कळतं. तो माझ्याकडे बघत होता. चिडलेला दिसत नव्हता. वाफ्याच्या टोकाला उभा राहून आवाज दिला, पलीकडून उत्तर नाही, आता बघायला जावं लागणार, असा त्याचा चेहरा होता. पंच आपापसात थोडं बोलले. मग त्यांनी त्याला बाद केलं.

बाहेर आलो. माझं शीड वाळूवर पडलेलं होतं. शीड एकट्याला नीट घडी घालता येत नाही, दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. तो गेला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. आम्ही रोज घालायचो तशी घडी घातली. तो दोन पावलं माझ्याकडे आला, कोपरे जुळवले, पुन्हा मागं गेला. घडी पूर्ण झाल्यावर त्यानं माझ्या हातात दिली आणि विचारलं, "कळलं न्हाय म्हणलास व्हय?"

मी शीड पिशवीत सरकवू लागलो.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याचं शीड घ्यायला गेला. त्याच्या शिडाचं दुसरं टोक धरायला मी गेलो नाही. उस्तादांनी धरलं.

या विषयावर आमच्यात एवढंच बोलणं झालं. त्या दिवशीही आणि नंतर कधीही.

मी गेलो. मग जातच राहिलो. दहा-बारा वर्षं मी जगभर शर्यती केल्या. थायलंडला केल्या, ओमानला केल्या. हॉलंडच्या एका गोड्या पाण्याच्या सरोवरात थंडीनं बोटं इतकी बधिर झाली की दोरी हातात आहे की सुटली ते बघून खात्री करावी लागायची. युरोपातल्या शर्यतींत मी मधेच कुठंतरी यायचो, ज्यांची नावं कुणी वाचत नाही त्यांच्यात. आशियातल्या एका स्पर्धेत तिसरा आलो. आणि एक सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर हे अर्धं राहील: तिथं कुणीही, कुठल्याही देशाच्या माणसानं जागा मागितली की मी लगेच द्यायचो. कधीकधी मागायच्या आधी. एके ठिकाणी मला सचोटीचा खेळाडू म्हणून चांदीच्या रंगाचं एक तबक मिळालं. बायको दिवाळीला त्यात फराळ मांडते.

दत्ताला काही महिन्यांत तुकडीतून काढून साध्या पलटणीत पाठवलं. तो सीमेवर कुठंकुठं राहिला. पाण्यावर पुन्हा गेला नाही. त्याच्याबरोबर एक नाव मात्र गेलं. त्या खोलीतली गोष्ट त्याच दिवशी बाहेर फुटली होती, आणि पोरांनी त्याला 'दरवाजा' म्हणायला सुरुवात केली होती. ए दरवाजा, जेवायला चल. दरवाजा, बंद हो. सैन्यात नाव एकदा चिकटलं की बदलीच्या हुकमासारखं मागोमाग येतं. ते पलटणीत पोचलं. आमच्या भागातले दोघं-तिघं त्याच पलटणीत होते, त्यांच्या तोंडून बेंबळीत पोचलं. तो निवृत्त होऊन घरी आला तेव्हा ते त्याच्या आधी येऊन बसलेलं होतं.

आशियातल्या त्या तिसऱ्या नंबरानंतर ईटला माझी मिरवणूक काढली. ट्रॅक्टरवर उभं केलं, पुढं हलगी. दत्ता तेव्हा सुटीवर होता. बेंबळीहून मोटारसायकलवर आला. कुणीतरी ओळखून ओरडलं, आला बगा दरवाजा. माझ्या डोळ्यांसमोर. तो हसला, वर चढला, मला हार घातला आणि खाली उभ्या असलेल्या पोरांना म्हणाला, "याच्याकडनं इंग्रजी शिका रं. म्या शिकलो न्हाय, म्हणून तर माझा दरवाजा झाला." सगळे हसले. मी त्याच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं का? असेल.

तेव्हा ट्रॅक्टरवर माईक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी गावाचे आभार मानले.

नोकरी संपल्यावर मी धाराशिवला घर बांधलं. बेंबळी जवळ आहे. वर्षातून तीन-चारदा जायचो. तो हुरडा काढून ठेवायचा, चहा पाजायचा, मी पाठवलेली पुस्तकं परत द्यायचा आणि म्हणायचा, यात बी शेवटी मेलाच की रे. रानातून कधी त्याचा गडी ओरडायचा, दारं मोड, आणि दत्ता उठून जायचा. मी बाजेवर बसून असायचो. तो परत येऊन हात पुसायचा आणि बोलणं जिथं राहिलं होतं तिथून पुढं चालू करायचा. असं किती वेळा झालं असेल. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बोलेल. तो बोलला नाही, आणि बोलायचं खरं तर मी होतं.

तेराव्याला मी गेलो. मांडवात जागा नव्हती, मला पुढं नेऊन बसवलं. चार शब्द बोला म्हणाले. मी बोललो. मैत्रीबद्दल, शिस्तीबद्दल, मातीतून आलेल्या खेळाडूबद्दल. चांगलं बोललो असं सगळे म्हणाले. मला बोलता येतं.

माणसं गेल्यावर वहिनींनी चहा आणला. समोर बसल्या. त्या माझ्याशी फार बोलत नाहीत. पदर सारखा करत म्हणाल्या, "भावजी, एक इचारू का? ह्यांना दरवाजा का म्हणायचे? म्या लगीन होऊन आले तवापास्नं ऐकायले. इचारलं की नुस्तं हसायचे. तुमी तर संगंच होता."

मांडव सोडणारी पोरं बाहेर दोऱ्या गुंडाळत होती. वहिनी थांबून राहिल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. मला तेव्हा कुठली जागा मिळवायची होती? कुठली शर्यत होती? समोर एकच बाई होती आणि तिला आपल्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

मी म्हणालो, "मिलिटरीत ठेवतात अशी नावं, वहिनी. त्याला काही अर्थ नसतो."

"तसंच आसंल," त्या म्हणाल्या, आणि कप घेऊन आत गेल्या.

म्हणजे पहिल्यांदा मी तरुण होतो आणि दुसऱ्यांदा नव्हतो. दोन्ही वेळा सारख्याच शांतपणे बोललो.

गावातल्या पोरांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. त्यावर दत्ताचा गणवेशातला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, माजी सैनिक दत्ता नाना, आणि कंसात, दरवाजा. त्यांनी प्रेमानं लिहिलं; त्यांच्या लेखी ते त्याचं नावच होतं. खालच्या ओळीत शोकाकुल माणसांचे चेहरे होते. पहिला माझा होता, आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून.

परवा बेंबळीला गेलो होतो. वहिनींशी शेतमालाबद्दल बोललो, दुसरं काही नाही. फ्लेक्स चौकातून उतरवला आहे. वहिनींनी तो कडब्याच्या गंजीवर घालून कडेनं दगड ठेवले आहेत. छापलेली बाजू वर आहे. कंसातलं नाव रस्त्यावरून वाचता येतं.